ऐकलंत का हे?



हरभरा घाट्यावर आला असेल, गव्हाला पाणी चालू असेल आणि आमच्यासारखीच तुमचीही विजेची पाळी या आठवड्यात रात्रीची असेल. अकराला मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरत बांधावर बसायचं. सोबतीला बॅटरी, काठी, कुत्रं आणि आता खिशातला मोबाइल. त्या मोबाइलमध्ये वाजतं काय, आणि ते आपल्याला सांगतं कोण, यावर आज थोडं बोलू. खतं-औषधांचं यात काही नाही, म्हणून पान उलटू नका. घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा. त्यांचा यात मोठा वाटा आहे, तो पुढे येईलच.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आठवडे बाजारात कर्नाटकच्या सीमेकडचे एक गृहस्थ मिरचीची रोपं विकायला येत. रोपं मोजता मोजता त्यांनी विचारलं, "रात्री पाणी पाजताना ऐकता काय?"

म्हटलं, "जुनी सिनेमातली गाणी."

"मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत का?"

"नाव ऐकलंय. पण शास्त्रीय गाणं आपल्याला काय कळणार?"

यावर ते हसले. म्हणाले, "मिरची तिखट लागायला शाळा शिकावी लागते का? पण माझ्या सांगण्याप्रमाणे ऐका. आधी राग लावू नका. त्यांनी गायलेली वचनं ऐका. कानडी आहेत, शब्द समजायचे नाहीत, तरी ऐका. आठ दिवस गेले की मग एक राग लावा. घरात नको, बांधावरच. आणि तिसऱ्यांदा ऐकूनही नाही आवडलं, तर पुढच्या बाजारी मला शिव्या द्या."

आता अशा सांगण्यापुढे माणूस काय करणार? ऐकलं. पहिल्या रात्री वचनं बरी वाटली. राग लावला त्या रात्री मात्र, खरं सांगतो, पंधरा मिनिटांत बंद केला. वाटलं, हा माणूस श्वास घेतो तरी कधी? एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिच्यात गुंतलेली. दुसऱ्या रात्रीही तेच झालं. तिसऱ्या रात्री शेवटच्या वाफ्याचं पाणी वळवत होतो, आणि फोडलेलं दार बांधायचं विसरून फावडं टेकून उभा राहिलो. पाणी शेजारच्या वाफ्यात गेलं. शिव्या द्यायचं राहूनच गेलं.

मग चौकशी केली. मन्सूर हे त्यांच्या गावाचं नाव, धारवाडजवळचं. जन्म १९१०चा. लहानपणी नाटक कंपनीत होते. पुढे मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले, आणि त्यानंतर मंजी खाँ आणि बुर्जी खाँ या दोघा भावांकडे. हे दोघे अल्लादिया खाँसाहेबांचे मुलगे, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारी जे गवई होते त्यांचे. पाहा, कानडी मुलखातल्या गवयाची विद्या आपल्या मिरज-कोल्हापूरची निघाली! फारसे कोणी गात नाहीत असे राग गाण्यात या घराण्याची ख्याती. वचनं म्हणजे बसवेश्वर, अक्कमहादेवी यांची बाराव्या शतकातली वाणी. आपल्या अभंगांची थोरली बहीणच म्हणा ना. मन्सूर १९९२ साली गेले. त्यांच्या हयातीत मी रेडिओ ऐकत होतो, तरी ते मला भेटले नाहीत. भेटले ते मिरचीच्या रोपांबरोबर.

पुढच्या बाजारी त्या गृहस्थांनी रोपांचं विचारायच्या आधी विचारलं, "मग?" हा "मग?" फार महत्त्वाचा. ज्यानं सांगितलं तो परत विचारणार, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागणार. मोबाइलही न विचारता गाणी सुचवतो, पण काल जे ऐकलं त्याचंच भावंडं आज पुढे करतो. तुम्ही ऐकलंत का, कसं वाटलं, पाणी कुठे गेलं, याची त्याला काय पर्वा!

आमच्या पिढीला नवं गाणं कळायचं ते कसं? गावात लग्न असलं की भोंगेवाला यायचा. त्याच्या पेटीत ज्या तबकड्या असतील तेवढंच संगीत. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, आणि मोठमोठ्या गवयांना तेवढ्यात सगळा राग उरकावा लागे. मग रेडिओ आला. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गदिमा-बाबूजींचं गीतरामायण लागायचं. थोरली माणसं सांगतात, ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि फर्माइशींचं वेड लागलं. बिहारातल्या, आता झारखंडात असलेल्या झुमरीतलय्या गावची नावं इतकी यायची, की हे गाव खरोखर आहे की नाही यावर आमच्या पारावर पैज लागली होती. रेडिओनं गाणं दिलं. पण "याच्या पुढे आता हे ऐका" असं सांगणारा माणूस लागायचाच. कधी तो मास्तर असे, कधी एस.टी.चा कंडक्टर, कधी मुंबईहून सुट्टीला आलेला गिरणीतला चुलता.

कॅसेट आली तेव्हा मात्र देण्याघेण्याची खरी मजा सुरू झाली. साठ मिनिटांची कॅसेट, अर्धा तास या बाजूला, अर्धा तास त्या बाजूला. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. दोन कप्प्यांचं यंत्र ज्याच्याकडे, तो गावचा सावकार. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि प्रत्येक नकलेला खरखर वाढत जायची. आणखी एक गोष्ट होती. कॅसेटच्या पाठीला दोन छोट्या टिकल्या असत. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. त्या टिकल्यांनी मला जन्माचा चटका दिला आहे.

१९८७ साली माझ्या चुलतभावानं आमच्या थोरल्या आत्याच्या ओव्या भरून घेतल्या. आत्याला नुसतं "म्हण" म्हटलं तर एक ओवी येईना. "जातं फिरल्याबिगर सुचत न्हाई," म्हणाली. मग जातं मांडलं, पायलीभर जोंधळे घेतले, आणि दळण होईस्तोवर ती म्हणत राहिली. मागे जात्याची घरघर, मधेच कोंबडा, आणि एकदा आमच्या आईचा "दूध उतू चाललं" असा ओरडा. एवढं सगळं त्या एका कॅसेटमध्ये.

शेजारच्या वहिनींनी मागितली म्हणून त्यांना नक्कल करून दिली. मग मलाच मिरवायची हौस. पलीकडच्या गावच्या एका मित्राला म्हटलं, "हे ऐकच." अस्सल कॅसेट दिली. टिकल्या मोडल्या नव्हत्या. महिन्याभरानं परत आली ती आतून सिनेमाची गाणी होऊन. पोरांना कोरी वाटली, त्यांनी भरली. त्यांचा काय दोष? दोष माझाच. आत्या तोवर वारली होती. घरात कोणी मला बोललं नाही, पण वडील बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत.

वहिनींकडे नक्कल असेल म्हणून गेलो, तर त्यांनीही कोणाला तरी दिलेली. मागमूस नाही.

आणि २००३ साली एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आत्याच्या ओव्या आमच्या घरी दर पंचमीला लागतात." कोण, कुठल्या, काही ओळख नाही. वहिनींच्या लेकीच्या सासरी कोणी नकलेची नक्कल केली होती, आणि ती फिरत फिरत तिसऱ्या तालुक्यात पोचली होती. बाईंनी घरच्या माणसाबरोबर ती पाठवून दिली. खरखर इतकी, की जातं कुठलं आणि फीत कुठली कळेना. शेवटच्या काही ओव्या तर नव्हत्याच. पण कोंबडा होता. आईचा ओरडाही होता.

रात्री जेवणं झाल्यावर लावली. आत्याच्या बऱ्याच ओव्या भावाच्या होत्या. भाऊ सणाला न्यायला येतो, बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून येतो, अशा. वडिलांना त्या साऱ्या पाठ असणार. पण त्यातली एक वेगळी होती. वाट पाहून दिवाळी सरली, अशा अर्थाची. एका दिवाळीला आम्ही आत्याला आणायला गेलो नव्हतो. जमिनीच्या कागदावर सही करण्यावरून काही बोलणं झालं होतं. आत्यानं त्याबद्दल तोंडानं कधी काही काढलं नाही, जात्याला मात्र सांगितलं होतं. वडील उठून गोठ्यात गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याच्या लेकीला निरोप धाडला. त्यानंतर ती दर दिवाळीला येते. वडील गेल्यावरही येते.

म्हणून सांगतो, आपल्या घरचं काही भरून ठेवलं असेल, आजीचं, काकूंचं, भजनी मंडळातल्या बुवांचं, तर ते एकाच मोबाइलमध्ये कोंडून ठेवू नका. मोबाइल विहिरीत पडतो. (आमच्या पुतण्याचा पडला.) चार माणसांना द्या. ओव्यांची आवड असेल तर आणखी एक ठिकाण सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून वर्षानुवर्षं गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत. मोबाइलवर ऐकता येतात. सासूसुनेनं शेजारी बसून ऐका, एकदम शंभर नकोत, एका वेळी तीन-चार.

सुचवतानाही हेच ध्यानात असू द्या. सकाळी उठून चाळीस गाणी पुढे ढकलणाऱ्यांची आमच्या गावात कमी नाही, त्यातलं एकही कोणी ऐकत नाही. एकच द्या. कुठून सुरू करायचं ते सांगा, कोणत्या वेळेला ऐकायचं ते सांगा. आणि बाजारी भेटलात की विचारा.

आमच्या घरी सध्या नात मला शिकवते आहे. मी तिला मन्सूर दिले, तिनं बदल्यात मला 'सैराट'चं संगीत दिलं, २०१६चं. वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत जाऊन भरला आहे म्हणे. "आबा, नुसतं झिंगाट नाही, बाकीची पण नीट ऐका, व्हायोलिनवर लक्ष ठेवा," अशी ताकीद आहे. मी दोनदा ऐकलं आहे. एक गाणं फार आवडलं, एकात गलका जास्त वाटला. तिसऱ्यांदा आज रात्री, पाळी अकराची आहे. रविवारी ती "मग?" म्हणून विचारणार. तोवर तुम्हीही एखादं नाव पोस्टकार्डावर लिहून पाठवा, पण बांधावर ऐकायचं की ओसरीवर, तेवढं लिहायला विसरू नका.