पावसाला बाजू नसते

उपांत्य सामना जवळ आला, की आमच्या नांदगावात घरोघरी वेधशाळा उघडते. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहाआधी प्रश्न येतो, ‘तिथं पाऊस पडणार का हो?’ एरवी पावसासाठी आभाळाकडे डोळे लावणारा हा तालुका त्या दिवशी मात्र पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात ठेवतो!

९ जुलै २०१९ चा मँचेस्टरचा विश्वचषक सामना आठवा. आषाढी एकादशी तीन दिवसांवर आलेली. न्यूझीलंड ५ बाद २११ असताना पाऊस आला आणि उरलेला खेळ राखीव दिवशी झाला. ढगाळ हवेत नवा चेंडू वळू लागला. भारत ३ बाद ५! जडेजाच्या ७७ धावांनंतरही आपण १८ धावांनी हरलो. टपरीनं निकाल दिला : पावसानं घात केला.

मला तो निकाल पटला नाही. पावसाला बाजू नसते. बाजू आपली असते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयपीएलचा अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला हलला, तेव्हा हळहळणारे आपणच होतो आणि टँकरची वाट पाहणारेही आपणच.

बँकेत असताना मी पीककर्जाची प्रकरणं हाताळली. क्रिकेटनं पावसासाठी राखीव दिवस ठेवला. पेरणीला तो नाही. पावसानं दगा दिला, तर दुबार पेरणी, तीही पुन्हा उसनवारी करून. सामन्याच्या दिवशी आभाळाकडे जरूर पाहावं; पण मान वर केलीच आहे, तर आपल्या शिवारावरचंही आभाळ पाहावं.