फादर स्टीफन्सची ओवी : स्तुतीपलीकडे

फादर थॉमस स्टीफन्सचे नाव निघाले की 'क्रिस्तपुराणा'तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या पुढे येतात आणि चर्चा तेथेच संपते. परकी माणसाने आपल्या भाषेला रत्न म्हटले, याचे आपल्याला इतके समाधान वाटते की पुढचे अध्याय उघडण्याची गरज उरत नाही. ही वाचनपद्धती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. या चाळीस वर्षांतील त्याचे खरे रूपांतर शब्दसंग्रहापेक्षा ग्रंथप्रकाराच्या निवडीत दिसते. प्रवचनाचे गद्य त्याला पुरेसे वाटले नाही. त्याने पुराण रचले, आणि तेही सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मोठ्याने वाचून ऐकवायचे. डाळज, इंदापूर, बारामती या भागातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, हे त्याने घरच्या वडीलधाऱ्यांसोबत बसून अनुभवलेले असते. अशा विद्यार्थ्याला 'क्रिस्तपुराण' कानाने कळते. आपण मात्र ते त्याला टिपणांतून शिकवतो.

परंतु ही ओवी कोणत्या पोकळीत उभी राहिली, हेही सांगितले पाहिजे. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही. हा प्रश्न मला सबंध ग्रंथाची किल्ली वाटतो. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. ज्या सत्तेने जुन्या पोथ्या हिरावल्या, तिच्याच आश्रयाने नवी पोथी आली. स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम याने खोटे ठरत नाही, पण निरपेक्षही राहत नाही. शिवाय त्याच्या रूपांतराला मर्यादा होती. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणताना तो कचरत नाही. क्रूस, बाप्तिस्मा यांसारख्या संज्ञा मात्र परक्याच ठेवतो. कोठे देशी शब्द चालेल आणि कोठे नाही, याचा त्याचा हिशेब अभ्यासाचा विषय व्हावा.

त्या सत्तेला पुढे एवढीही देशी भाषा नकोशी झाली. १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

तुलनेसाठी गी देलरी घ्यावा. हाही जेझुइट, त्याचा विठ्ठलसंप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रकाशित केला. त्याच्या मागे राजसत्ता नव्हती आणि दुसऱ्याच्या पोथीच्या जागी आपली ठेवण्याचा हेतूही त्या ग्रंथात नाही. ज्या वारीचा त्याने अभ्यास केला, तिच्यातील तुकोबांची पालखी दर आषाढीला इंदापुरात मुक्कामाला असते. पदव्युत्तर वर्गात हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचायला मी सुरुवात केली आहे. पहिल्या तासाला मात्र 'क्रिस्तपुराणा'चा पहिला अध्याय मोठ्याने वाचला जातो.