अठरा वर्षं झाली, आता जायचं कुठे?

शाळेचा दाखला असो नाहीतर आधारकार्ड, मुलाचं नाव लिहून झालं की वडिलांचं नाव विचारलं जातंच. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण जे मूल रेल्वे स्टेशनवर किंवा कचराकुंडीत सापडलं, त्याने तिथे काय लिहायचं?

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी तिथे स्वतःचंच नाव दिलं. अंध, मूकबधिर, गतिमंद अशा १२३ बेवारस मुलांचे ते बाप झाले. नुसतं जेवूखाऊ घातलं नाही, तर मुलं शिकवली, मुलींची लग्नं लावली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात इथल्या एका मूकबधिर लेकीचं कन्यादान तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केलं. २०२४ मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची एक अंध लेक एमपीएससीची परीक्षा पास झाली!

कौतुक तर आहेच. पण मैत्रिणींनो, बाबांचं खरं मागणं वेगळंच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. पुढे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची सोय आहे. हातीपायी धड मुलगी तेवढ्यात काहीतरी शिकून उभी राहीलही. पण जिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही, ती अठराव्या वाढदिवसाला एकदम शहाणी होते का? अशी तरुण मुलगी बाहेर पडली, तर तिचं काय होईल हे आपण बायकांना कुणी वेगळं सांगायला नको. म्हणूनच, बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच घरात राहू द्या, तसा कायदा करा, असं बाबा वर्षानुवर्षं सांगत आले.

आणि हा प्रश्न फक्त अनाथांचा नाही बरं! 'माझ्यामागे याचं कसं होणार?' हा घोर लागलेली आई आपल्या गल्लीतही असते. मूल अठराचं झालं की कायद्याने आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे तिला अनेकदा ठाऊकच नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. ओळखीत अशी आई असेल तर तिला एवढं जरूर सांगा.

एक माणूस १२३ लेकरांचा बाप होऊ शकतो, हे बाबांनी दाखवलं. पण बापही कधीतरी थकतो. त्याच्यामागे लेकरांना सांभाळायचं, तर ते काम कायद्यालाच करावं लागेल.