ईयोबाचे मित्र आणि आमचे स्वयंसेवक

“निराधारांच्या निवाऱ्यात काम करायला शिक्षण कशाला? माया असली म्हणजे झाले,” असे आमच्या मंडळींत सर्रास म्हटले जाते. आम्हाला ते मुळीच मान्य नाही.

१९८१ साली कोर्टात झालेल्या तडजोडीने न्यूयॉर्क शहरावर बेघर पुरुषांना निवारा देण्याचे बंधन आले, आणि पुढे कित्येक चर्चांनी व सिनेगॉगांनी रात्रीपुरत्या खाटा मांडल्या. अशा ठिकाणी आपलेही लोक सेवेला जातात. हेतू चांगला, पण बोलणे? “रडू नको”, “देवाची मर्जी”, आणि मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला “मुलांकडे बघ, जरा जुळवून घे”! याला सांत्वन म्हणायला आम्ही तयार नाही. अशाने ती गप्प होते, आणि जे सांगायला हवे होते ते पोटातच राहते.

शिकायला दूर जायला नको. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. बिघडले ते त्यांनी तोंड उघडून त्याला दोष द्यायला सुरुवात केल्यावर. शोक करणारा बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने बोलू नये, असे तलमूदही सांगतो. शिव्हाच्या घरी जी रीत, ती निवाऱ्यात का नको?

आम्ही परिचारिका वॉर्डात हेच करीत आलो. उभ्याने बोलायचे नाही, खुर्ची ओढून बसायचे. नाव विचारायचे. “का केलेस?” असा जाब न घेता “काय झाले?” एवढेच म्हणायचे. तो गप्प, तर आपणही गप्प. “कुणाला सांगणार नाही” असे वचन तर कधीच देऊ नये, कारण ते पाळता येत नाही.

आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. “हो” म्हटले तर माणसाला एकटे सोडू नये, निवाऱ्याच्या प्रमुखाला बोलवावे व ९८८ ला फोन लावावा. जुलै २०२२ पासून हा नंबर देशभर रात्रंदिवस चालू आहे.

हे पहिले धडे द्यायला एक संध्याकाळ पुरते. मलिद्याच्या तयारीला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो, आणि तो आपण हौसेने देतो! ब्लँकेटे आणि डबे गोळा करणाऱ्या आमच्या कमिट्या ही एक संध्याकाळ कधी ठरवणार, ते त्यांनी पुढच्या सभेत तारखेसह सांगावे.