तारेवरचा नीलकंठ

भातकापणी उरकली, मळ्यात नुसती धसकटे राहिली, की सड्यावरून गेलेल्या विजेच्या तारेवर जरा लक्ष ठेवा. कबुतराहून थोडा लहान, मोठ्या डोक्याचा, मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला दिसेल. बघून वाटते, हा काय पक्षी! पण खाली गवतात नाकतोडा हलला की तो झेप घेतो, आणि पंख उघडताच गडद निळा नि आकाशी असे पट्टे लखलखतात. हाच आपला नीलकंठ. चास, तास, नीलपंख ही त्याचीच नावे. पुष्कळ जण खंड्यालाच नीलकंठ म्हणतात, तो निराळा. गंमत म्हणजे नीलकंठाचा कंठ मुळी निळा नसतोच. गळा आणि छाती तांबूस-जांभळट, त्यावर फिकट रेघा. निळाई सगळी पंखांत, शेपटीत आणि टाळूवर.

ही निळाई रंगाची नाही, हे सांगितले तर पटणार नाही. पिसाच्या घडणीत इतक्या बारीक पोकळ्या असतात की उजेडातला निळा भागच तेवढा परत फिरतो. पीस कुटून भुकटी केली तर निळे काही हाती लागत नाही.

आफ्रिकेतल्या केनिया, टांझानियाच्या गवताळ माळांवर याचा एक चुलतभाऊ राहतो. त्याची छाती जांभळी, पाठ तपकिरी, पोट आकाशी, शेपटीला दोन लांब पिसे. सिंह-हत्ती बघायला गेलेले लोकही त्याच्यापाशी गाडी थांबवतात. दुसरा भाऊ काश्मीर आणि मध्य आशियात वीण करतो नि पावसाळा सरता सरता कच्छ-सौराष्ट्रावरून समुद्र ओलांडून त्याच आफ्रिकेत हिवाळा काढायला जातो. आपला नीलकंठ एवढा लांबचा प्रवासी नव्हे.

रीत मात्र तिघांची एकच. उंच जागी बसायचे, टेहळणी करायची, सावज जमिनीवर धरायचे. मोठे असेल तर आपटून मारायचे, मग गिळायचे. आफ्रिकेत गवताला वणवा लागला की पळणारे किडे टिपायला हे पक्षी धुराच्या कडेला येतात. आपल्याकडचा नीलकंठही आगीचा असाच फायदा घेतो. तेव्हा फाल्गुन-चैत्रात तरव्यासाठी भाजावळ पेटवाल, तेव्हा कोतवालाबरोबर हाही आला आहे का ते बघा. नांगरामागेही तो येतो.

आता तुमच्या कामाची गोष्ट. याच्या खाण्यात जवळजवळ निम्मे भुंगेरे असतात आणि पाव हिस्सा टोळ, नाकतोडे, रातकिडे. विंचू, सरडे, उंदराची पिल्ले, लहानसा सापही त्याला चालतो. दाण्याला तो तोंड लावत नाही. पिकाची राखण करणारा असा बिनपगारी गडी दुसरा नाही.

आणि त्याचेच दिवस कठीण आले आहेत. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली जो अहवाल निघाला, त्यात नीलकंठाची संख्या झपाट्याने घटल्याचे दिसले. त्याला धोक्यातील पक्ष्यांत धरावे का, ते पुन्हा तपासा, अशी शिफारसही त्यात होती. फवारणीने किडे मेले की त्याचे ताट रिकामे होते, हे सांगायला पंडित नको.

आपल्या श्रद्धेचाही त्याला जाच होतो. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ, म्हणून काही भागांत फासेपारधी आधीच पक्षी धरून पिंजऱ्यात ठेवतात. पंख बांधलेला, अर्धपोटी पक्षी दक्षिणा घेऊन दाखवायचा. ‘सोडला’ तरी तो उडणार कसा? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला धरणे नि पाळणे गुन्हा आहे. दर्शनच हवे तर सीमोल्लंघनाला जाताना तारेवर बघावे. फुकट आहे, आणि पुण्यही जास्त!

घरट्याची अडचण वेगळीच. मार्च ते जूनमध्ये तो झाडाच्या ढोलीत तीन ते पाच पांढरी अंडी घालतो. नर-मादी आळीपाळीने ती सतरा-अठरा दिवस उबवतात. त्याआधी नर उंच चढून कोलांट्या घेत, कर्कश ओरडत खाली येतो. तो खेळ बघण्यासारखा. पण ढोली असते जुन्या, वठलेल्या झाडात, आणि असे झाड आपण पहिले जळणाला तोडतो. वठलेला माडही त्याला चालतो. मात्र इथे मी सांभाळून सांगेन: कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो नि तो उभी बाग खातो. म्हणून बागेतला मेलेला माड काढाच. त्याऐवजी वरकस जमिनीत, घरापासून आणि वाटेपासून दूर, एखादा ढोलीचा जुना आंबा किंवा किंजळ असेल तर तो राहू द्या. तोडायचाच झाला तर पावसाळा लागून पिल्ले उडाल्यावर तोडा, आणि कुऱ्हाड घालण्याआधी चार दिवस सकाळी ढोलीकडे कोणी ये-जा करते का, ते मुलांना बघायला सांगा.