गाडी अचानक बंद पडली: कॉइल गेली, फ्युएल पंप गेला की पेट्रोलच खराब? बिल कोणी भरायचं, हे कारणावर ठरतं

जून २०२५च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या रतलामजवळ एक विचित्र प्रकार घडला. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एका पेट्रोल पंपावर डिझेल भरून निघाल्या आणि काही अंतरावर एकामागून एक बंद पडल्या. टाक्या रिकाम्या केल्या तेव्हा डिझेलमध्ये पाणी निघालं. प्रशासनाने तो पंप सील केला.

१९ गाड्या एकदम बंद पडल्या म्हणून दोष इंधनात आहे हे लगेच कळलं. सामान्य माणसाची मात्र एकच गाडी बंद पडते. ती टो करून गॅरेजमध्ये नेली जाते, ‘फ्युएल पंप गेलाय’ किंवा ‘कॉइल गेली’ असं सांगितलं जातं आणि हजारो रुपयांचं बिल हातात येतं. पार्ट खराब झाला हे खरं असतंही. पण तो का खराब झाला, हा प्रश्न तिथे सहसा विचारला जात नाही. आणि पैसे कोणी द्यायचे, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

या दोन पार्टचं काम काय?

पेट्रोल गाडीचं इंजिन चालायला दोन गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात: इंधन आणि ठिणगी.

फ्युएल पंप बहुतेक गाड्यांमध्ये टाकीच्या आतच असतो. तो ठरावीक दाबाने पेट्रोल इंजिनकडे पाठवतो. इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते.

एक कॉइल गेली तर गाडी सहसा बंद पडत नाही, ‘मिसिंग’ करते. इंजिन थरथरतं, पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो. हा दिवा लुकलुकत असेल तर तशीच गाडी पळवू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पार्ट निकामी होतो.

फ्युएल पंप अशक्त झाला तर चढावर किंवा वेगात गाडी दम खाते. पूर्ण बंद पडला तर इंजिन फिरतं, पण स्टार्ट होत नाही. एक्स्प्रेसवेवर मागून ट्रक येत असताना असं झालं तर मामला फक्त खर्चाचा राहत नाही.

तपासणी आधी, पार्ट नंतर

अडचण अशी की हीच लक्षणं इतर, स्वस्त कारणांनीही दिसतात. जळलेला फ्यूज, खराब रिले, तुंबलेला फिल्टर किंवा सैल कनेक्टर असला तरी पंप ‘मेल्यासारखा’ वाटतो. झिजलेला प्लग किंवा प्लगच्या खाचेत उतरलेलं तेल-पाणी कॉइलवर आळ आणतं.

कॉइलची खात्री करायला सोपी पद्धत आहे. स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला तर दुसरा सिलिंडर मिसिंग करतोय. मेकॅनिकने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करायची. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलमध्ये. कोड तोच राहिला, तर कॉइल निर्दोष आणि दोष प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. फ्युएल पंपासाठी प्रेशर गेज लावून दाब मोजता येतो आणि पंपापर्यंत करंट पोहोचतोय का, हे मीटरने पाहता येतं.

दोष कंपनीचाच असेल तर?

फ्युएल पंपाच्या बाबतीत ही शक्यता खरी आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२०मध्ये वॅगनआर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. होंडाने भारतात ऑक्टोबर २०२४मध्ये जुन्या मॉडेलच्या ९०,४६८ गाड्यांचे पंप मोफत बदलून देण्याची घोषणा केली. पंपाच्या आतला इम्पेलर, म्हणजे पेट्रोल ढकलणारी छोटी चकती, सदोष असू शकते आणि त्यामुळे इंजिन बंद पडू शकतं, असं कारण देण्यात आलं.

या रिकॉलमधली एक नोंद महत्त्वाची आहे. त्यात आणखी २,२०४ गाड्या अशा होत्या, ज्यांचा पंप आधी एकदा बदलला होता आणि बदलून बसवलेला पंपच संशयित निघाला. म्हणजे ‘नवा पार्ट टाकला’ याचा अर्थ ‘प्रश्न सुटला’ असा नेहमी होत नाही.

रिकॉलमध्ये पार्ट आणि मजुरी दोन्ही मोफत असतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार सरकारही कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या नियमांत १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. होंडाच्या वरच्या रिकॉलमधल्या गाड्या सप्टेंबर २०१७ ते जून २०१८ या काळातल्या होत्या, म्हणजे तोवर सहा-सात वर्षांच्या झालेल्या.

मग ई२०चं काय?

२०२५मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर मिळू लागलं आणि गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्यावर फुटू लागलं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये मोठ्या नुकसानीचे दावे फेटाळले. मात्र काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मान्य केलं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि फ्युएल पंप तळातूनच इंधन खेचतो. त्यामुळे टाकीतला नमुना पाहिल्याशिवाय ‘सगळं ई२०मुळे’ म्हणणं जितकं घाईचं, तितकंच ‘ई२०चा संबंधच नाही’ म्हणणंही.

तुम्ही काय करू शकता?

• नवा पार्ट टाकण्याआधी स्कॅन रिपोर्ट किंवा दाबाची तपासणी मागा.
• कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून गाडी रिकॉलमध्ये आहे का, ते पाहा. सेकंड हँड गाडी असेल तर नक्कीच, कारण कंपनीचा निरोप जुन्या मालकाकडे गेलेला असू शकतो.
• इंधन भरल्यावर लगेच गाडी बंद पडली तर टाकीतला नमुना मेकॅनिकसमोर काढून घ्या, फोटो काढा. पेट्रोल पंपाची पावती जपा.
• काढलेला जुना पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. सविस्तर बिलासह तो ताब्यात घ्या.
• दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

दोष पार्टच्या झिजेचा असेल तर खर्च मालकाचा, बनावटीचा असेल तर कंपनीचा, इंधनाचा असेल तर ते विकणाऱ्याचा. रतलाममध्ये कारण आधी शोधलं गेलं, म्हणून कारवाई पेट्रोल पंपावर झाली. कारण न शोधता पार्ट बदलला, तर तिन्ही प्रकारांत पैसे मालकाच्याच खिशातून जातात आणि पुरावा भंगारवाल्याकडे.