चढाच्या बाजूला एक मीटर

कोल्हारच्या चौकातून लोणीकडे वळलं की राजूरपर्यंतचा रस्ता बराचसा प्रवरेच्या उलट्या दिशेनं वर चढत जातो. मी इथल्या शाळेत खेळ शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी सायकल काढून याच कोल्हार-घोटी रस्त्याला लागते. संगमनेरपर्यंत चढ जाणवतही नाही. अकोले, इंदोरी मागे पडलं की विठ्याचा घाट येतो, आणि राजूरनंतर वारंघुशी फाट्यावरून रस्ता बारीकडे निघतो. डाव्या हाताला 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर उभं असतं. आमच्या जिल्ह्यात सायकलनं चढावा असा यापेक्षा सुंदर रस्ता मला माहीत नाही. म्हणूनच त्याच्या कडेची अवस्था पाहून जीव तुटतो.

ही कड एकदा खाली उतरून बघा. दर दुरुस्तीला डांबराचा नवा थर जुन्यावर चढतो आणि साइडपट्टी आहे तिथंच राहते. पावसाळ्यात तिच्यातला मुरूम वाहून जातो. मग डांबराची कड पायरीसारखी उभी राहते, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मागून गाडीचा हॉर्न वाजला म्हणून सायकल खाली घेतली, तर ती परत वर येत नाही. टायर कडेला घासत राहतो, हँडल ओढलं जातं आणि माणूस रस्त्याच्या आत पडतो, म्हणजे नेमका त्या गाडीपुढे. विठ्याच्या एका वळणावर मी अशीच पडले. मागच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून आज लिहिते आहे.

घाट चढताना माझ्यासारखीचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर असतो. एवढ्या कमी वेगात सायकल सरळ रेषेत जातच नाही. तोल राखायला ती डावी-उजवीकडे वळवतच राहावी लागते. मागून येणारी मोटार पन्नासच्या वेगानं, आणि वळणामुळं तिला मी दिसते ती अगदी जवळ आल्यावर. उतारावर हाच फरक खूप कमी होतो, कारण तिथं सायकलही पळते. म्हणून माझं मागणं चढाच्या बाजूपुरतंच आहे: विठा आणि बारी या दोन्ही घाटांत, चढणाऱ्याच्या डाव्या हाताला, डांबराच्या पातळीत असलेली एक मीटरची पक्की पट्टी.

घाटात जागा कुठे आहे, वनखात्याची जमीन लागेल, असं लगेच सांगितलं जातं. डोंगर तोडा, असं मी म्हणतच नाही. चढाची बाजू डोंगराकडे असेल तिथं गटारावर भक्कम फरशी टाकता येते. दरीकडे असेल तिथं कठड्याच्या आतली पट्टी काँक्रीटनं भरता येते. एक मीटर जिथं मिळणारच नाही, तिथं निदान कड डांबराला मिळवून द्या.

‘शहरातल्या हौशी लोकांसाठी एवढा खर्च?’ हा प्रश्नही मी ऐकला आहे. राजूरच्या बाजाराच्या दिवशी या कडेनं कोण चालतं ते पाहावं. डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, म्हातारी माणसं. नवरात्रात कळसूबाईला येणारी गर्दी बारीत याच डांबरावर उतरते. खाली लोणी-संगमनेर पट्ट्यात उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापतात, आणि दूधवाल्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे त्याच मोडक्या पट्टीवर ढकलले जातात. सायकलवाल्यासाठी केलेली पट्टी या सगळ्यांच्या पायाखाली येणार आहे.

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, आणि त्यासाठी रस्ते नीट झाले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण शर्यतीला रस्ता काही तास मोकळा करून मिळतो. आमचा घाट कुणासाठी मोकळा होत नाही. शेजारच्या नाशिकमधल्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अशी माणसं घडतात ती आधी घराजवळच्या चढावर, रोजच्या वाहतुकीत. फ्रान्समधल्या मोठ्या घाटांत दर किलोमीटरला पुढचा चढ किती टक्के आहे ते लिहिलेले दगड असतात. विठ्यात तसे दगड लागले तर माझ्या शाळेतल्या मुली ते वाचत वाचत वर जातील. पण आधी पट्टी, मग दगड.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यांची कामं निघाली आहेत. त्याच निमित्तानं सार्वजनिक बांधकाम विभागानं कोल्हार-घोटी रस्त्याच्या पुढच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ही पट्टी स्वतंत्र बाब म्हणून लिहावी, ‘किरकोळ कामे’ या सदरात ढकलू नये. आणि डांबराचा थर पडेल त्याच आठवड्यात साइडपट्टी भरली गेली नाही, तर ठेकेदाराचं बिल थांबवावं.